दोन मिनिटं, नाहीतर पाऊण तास

३ मार्च, सोमवार

दात बसले नाहीत की माकली शिजली नाही, कळायला मार्ग नाही. दोन्ही माझ्याच हातचं. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावाने बोटं मोडायचीही सोय नाही!

संध्याकाळी बाबांना कवळी दिली, वरची आणि खालची. लॅबमध्ये रोज दुसऱ्यांसाठी करते तशीच. नाही, जास्त जपून. पुढचा एक दात मुद्दाम किंचित तिरका लावला, त्यांचा मूळचा होता तसा. आरशात पाहून म्हणाले, "अरे, हा तर मीच!" मला काय, तेवढंच पुरे. लगेच फुशारकीने माकली (हॉटेलात जिला स्क्विड म्हणतात ती) करायला घेतली. टोमॅटोच्या झणझणीत रश्शात, आई करायची तशी. म्हणजे, आई तशी करत असावी असं मला वाटलं, तशी. पंधरा-वीस मिनिटं चांगली रटरट शिजवली. झाल्या सायकलच्या ट्यूबच्या चकत्या!

बाबांनी एक चकती चघळली, चघळली, आणि हळूच रुमालात काढून ठेवली. "रस्सा फक्कड झालाय," म्हणाले, आणि पावाचा मऊ भाग बुडवून जेवले. सहा महिने हेच चाललंय, मऊ नि पातळ. आई गेल्यावर वर्षभर त्यांनी स्वतःकडे पाहिलं नाही. दात हलले, काढावे लागले, गालफडं बसली. महिन्यापूर्वी जाऊन मीच त्यांना इथे घेऊन आले.

उरलेली माकली खालच्या मांजरीला घातली. तिने हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली.

४ मार्च, मंगळवार

लॅबमधून येताना मासळीबाजारात गेले. मासेवाल्या मावशींना जाब विचारायला, की शिळा माल दिलात का म्हणून. त्यांनी उलट मलाच विचारलं, "किती वेळ शिजवलीस?"

"पंधरा-वीस मिनिटं."

मावशींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! माकली एकतर दोन मिनिटं, नाहीतर पाऊण तास. मधे तिच्या वाटेला जायचं नाही. मधे ती रुसून बसते."

"आणि पाऊण तासाने?"

"थकते. थकली की मऊ होते. माणसासारखंच आहे तिचं."

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तुझी आई पाऊण तासवाली. कारखान्याचा भोंगा झाला की कढई चढवायची. मी चालत घरी पोचलो की बरोबर झालेली असायची." हे मला माहीतच नव्हतं. लहानपणी मी माकलीला शिवत नसे. ते लोंबणारे पाय बघून पळायची.

बाबांची अट मात्र त्या माकलीवरच आहे. आल्या दिवशीच जाहीर केलं: "ज्या दिवशी माकली चावून खाईन, त्या दिवशी दात बसले म्हणायचे. त्याच दिवशी पिशवी भरायची आणि माझ्या घरी जायचं. मी कुणाच्या दारात पडून राहणारा माणूस नाही." हे दादाला सांगून झालंय, खालच्या वॉचमनला, दूधवाल्यालासुद्धा. आणि बाबा एकदा बोलले की बोलले. न्हाव्याशी एकदा वाजलं, "परत तुझ्या खुर्चीत बसणार नाही" म्हणून घरी आले. पुढे वीस वर्षं आईने त्यांचे केस कापले. तो न्हावी दुकान विकून गेला तरी बाबा काही त्या खुर्चीत बसले नाहीत!

मला बरंच आहे. अकरा वर्षं एकटी राहतेय. आता खुर्चीवर ओला टॉवेल, रेडिओ गल्लीभर ऐकू जाईल असा, गॅस बंद आहे ना हे तीन-तीनदा बघणं. दात लवकर बसोत. माझं घर मला मिळो.

९ मार्च, रविवार

माकली साफ करायला शिकले. डोकं धरून ओढायचं. आतली शाईची पिशवी न फोडता बाहेर काढायची. (फोडली. सिंक, कट्टा, माझी बाही, सगळं काळं!) आत एक पारदर्शक काडी असते, थेट प्लास्टिकची वाटते. ती लॅबच्या चिमट्याने ओढली. जांभळट साल सोलून काढली. बाबा स्टुलावर बसून बघत होते. "शस्त्रक्रिया यशस्वी!" म्हणाले.

आज दोन मिनिटांची पद्धत. आधी रस्सा: कांदा, भरपूर लसूण, सुक्या लाल मिरच्या, टोमॅटो आटून तेल सुटेपर्यंत. मग चकत्या टाकल्या. लॅबमधलं गजराचं घड्याळ आणलं होतं, ते लावलं. वाजलं, गॅस बंद. मी एक खाल्ली. लुसलुशीत! इतकी वर्षं मी हे खाल्लं नाही? मूर्ख.

आणि बाबांना चावता येईना. चावलं की वरची कवळी मागून सुटते, टकटक वाजते. तीन तुकडे गिळले तसेच. मग, "आज भूकच नाही गं."

म्हणजे माकली निर्दोष. आता उरले दात.

१० मार्च, सोमवार

आमच्या लॅबमधले थोरले कारागीर एकावर एक दोन चष्मे लावतात, म्हणून सगळे त्यांना दुचष्मे म्हणतात. तोंडावरसुद्धा म्हणतात, त्यांची हरकत नाही. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "चावा कुठे घेतलास?"

डॉक्टरीणबाईंनी हिरड्यांचं माप घेतलं होतं, ते ठीक होतं. पण वरचा जबडा खालच्यावर नेमका कुठे बसतो, त्यासाठी मऊ मेणावर चाववून घ्यायचं असतं. बाबा परत दवाखान्यात यायला तयार नव्हते. म्हणून ते मी घरीच घेतलं, जेवणाच्या टेबलावर.

"काय म्हणालीस त्यांना?"

"म्हटलं, बाबा, नीट चावा हं."

दुचष्मे हसायलाच लागले. "चाव म्हटलं की माणूस परीक्षा देतो. जबडा पुढे काढतो, जोर लावतो. त्याला गिळायला सांगावं. गिळताना जबडा आपोआप आपल्या घरी जातो."

संध्याकाळी बाबांना निळ्या कागदावर चावायला लावलं. कार्बन पेपरसारखा असतो, दात टेकेल तिथे ठिपका उठतो. सगळे ठिपके पुढच्या दातांवर! मागे पाटी कोरी. आपल्या पोरीचं काम नीट व्हावं म्हणून त्यांनी त्या दिवशी जबडा पुढे काढून शर्थीने चावलं होतं. आणि मी? मी जन्मभर प्लास्टरची तोंडं पाहिली. प्लास्टर कुणाला खूश करायला जात नाही.

हे सगळे दात आता वाया. पुन्हा पहिल्यापासून.

१२ मार्च, बुधवार

पुन्हा मेण. पुन्हा जेवणाचं टेबल. बाबा ताठ बसले, परीक्षेला बसल्यासारखे. मी म्हटलं, "चावायचं नाहीये. काहीच करायचं नाहीये. फक्त गिळा."

"काय गिळू? तोंडाला कोरड पडलीय."

खरंच होतं. मग रविवारचा रस्सा फ्रीजमधून काढला. गारच ठेवला, गरम दिला तर मेण वितळायचं. गाळून, चमच्याने भरवला. पहिले दोन घोट जपून, माझ्याकडे बघत. मग चव लागली असावी. डोळे मिटले. पुढच्या घोटाला जबडा मागे सरकला — मला दिसला सरकताना! — आणि जागेवर बसला. तसाच मेणात पकडला.

"झालं?" बाबा म्हणाले. "मग उरलेला तरी दे."

१३ मार्च, गुरुवार

दुचष्म्यांनी मेण हातात घेतलं. लाल डाग पाहिले. वास घेतला. "चावा उत्तम. लसूण जरा जास्त."

१५ मार्च, शनिवार

पाणी आलं नाही. माकली नाही. उकडलेली अंडी.

२३ मार्च, रविवार

नवी कवळी काल रात्रीच्या जेवणाआधी तयार झाली. आज निळा कागद लावला. डावीकडे, उजवीकडे, मागे सारखे ठिपके. इतके सुरेख की मी तो कागद दुचष्म्यांना दाखवायला जपून ठेवला.

आज आईची पद्धत. पाऊण तास. रस्सा अगदी बारीक आचेवर, वर झाकण. मधे एकदा बोटाने दाबून पाहिलं — रबर! घाबरले. पण मावशींचं ऐकलं, हात लावला नाही. शेवटी चमच्याने तुटायला लागली. रस्सा दाट, लालभडक, आणि त्यात माकलीचा स्वतःचा गोडवा उतरलेला. दोन मिनिटांच्या माकलीत ही गंमत नाही. बाबा दोनदा स्वयंपाकघरात डोकावले, वास घेऊन गेले.

जेवायला बसले. पहिली चकती उजवीकडे चावली, दुसरी डावीकडे. गाल नीट हलत होते. टकटक नाही, काही नाही! माझी नजर त्यांच्या जबड्यावरून हटेना. मी ओरडलेच, "बसले! बाबा, बसले! आत्ता दादाला फोन करते."

बाबांनी चमचा खाली ठेवला. जिभेने आत चाचपलं. "उजवीकडे जरा टोचतंय गं," म्हणाले.

टोचणारच पहिल्या दिवशी. घासून देईन.

२७ मार्च, गुरुवार

आज घरी आले तर खिडकीत दिवा नाही. कुलूप. जिना धावत उतरले तर बाबा वॉचमनच्या केबिनमध्ये. मला पाहून दोघे एकदम गप्प. बाबा तोंड पुसत उठले. "गप्पा मारत होतो. किती वाजले?"

रागावले मी त्यांच्यावर. नको तेवढी. मग वर येऊन चहा केला, दोघांसाठी.

आता हे लिहिताना लक्षात येतंय: आजचा दिवस सोडला तर दोन महिन्यांत मी अंधाऱ्या घरात एकदाही शिरले नाही. रोज दिवा लागलेला असतो. मला त्याची सवय कधी लागली?

३० मार्च, रविवार

उजवीकडचं बरं झालं. आता डावीकडे टोचतंय. माकली पाऊण तास, मागच्याहून सरस. चार तुकडे खाल्ले, मग ताट सरकवलं. बाकीची मी संपवली. हिरडी पाहिली — लाली नाही, व्रण नाही. टोचतं कुठे?

२ एप्रिल, बुधवार

दादाचा फोन. "किती दिवस चाललंय हे? तू रोज दात करतेस ना लोकांचे?"

मला झोंबलं. म्हटलं, "आपल्या माणसाचे कठीण असतात."

"ते जाऊ दे. मी २० तारखेला रविवारी गाडी घेऊन येतो. त्यांचं घर झाडून, रंग देऊन ठेवलंय. दुपारी तुझी ती माकली कर, सगळे जेवू, बाबांना चावता आलं की संध्याकाळी निघू. तुलाही किती दिवस त्रास!"

"हो," म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार? दादाचं काही चुकत नाही. तो चांगलाच आहे.

फोन ठेवला. बाबा रेडिओ बारीक करून ऐकत होते. मी जाता जाता म्हटल्यासारखं म्हटलं, "राहा की अजून थोडे दिवस. घाई काय आहे?"

"दात बसले की निघायचं. बोललोय मी," म्हणाले, आणि रेडिओ मोठा केला.

६ एप्रिल, रविवार

आता मधे टोचतंय! जिभेखाली! तिथे काही टोचण्यासारखं नाहीच! हाताला काय झालंय माझ्या? जेवणाच्या सुट्टीत घासते, पॉलिश करते, घरी आणते, पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. दुचष्मे म्हणतात, "दातांत दोष दिसत नाही." मग दोष कुठे आहे? माकली आता डोळे मिटून करते, एकदाही बिघडत नाही. निदान ते तरी.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी बाबा आंघोळीला गेले होते. कवळी कपात, पाण्यात. म्हटलं, उजेडात नीट बघावी. पुसली, खिडकीशी नेली.

दाढांवर चकाकी आलीय. दोन्ही बाजूंना, सारखी. मी करून दिल्या तेव्हा ती नव्हती. पाव आणि रस्सा खाणाऱ्याच्या दातांना अशी चकाकी येत नाही. ती कडक खाऊन येते, भरपूर खाऊन, रोज खाऊन. आणि मागच्या दोन दाढांच्या फटीत एक लाल टरफल अडकलेलं. पातळ, कागदासारखं. चिमट्याने काढलं. शेंगदाण्याचं.

आमच्या घरात शेंगदाणे नाहीत.

कवळी होती तशी कपात ठेवली. टरफल धुऊन टाकलं. कामावर गेले. लक्ष ठिकाणावर नव्हतं, दिवसभरात दोन खालच्या कवळ्यांचे दात उलटे लावले.

१२ एप्रिल, शनिवार

खाली वॉचमनला सहज विचारलं, "शेंगदाणे चांगले कुठे मिळतात हो?"

"हा काय कोपऱ्यावर, ताई. खमंग भाजून देतो. मी नि बाबा रोज दुपारी खातो. बाबांचे दात म्हणजे काय! आमच्याकडून अक्रोड फोडून घेतात, पण चावतात स्वतः. म्हणतात, माझ्या मुलीने केलेत. सगळ्यांना उघडून दाखवतात. परवा पोस्टमनला दाखवले."

मी म्हटलं, बरं. जिना चढले.

१३ एप्रिल, रविवार

आधी राग आला. नुसता नाही, सणसणीत! तीन आठवडे मी माझ्या हातांना शिव्या घालतेय. जेवणाच्या सुट्ट्या घालवल्या. आणि हे खाली बसून अक्रोड चावतायत!

मग माकली चढवली आणि पाऊण तास तिथेच उभी राहिले. दुसरं काही करायचं नव्हतं. बाबा आले, स्टुलावर बसले. लसणाच्या पाकळ्या सोलायला घेतल्या, न सांगता. त्यांना वाटतं मला सोलायचा कंटाळा येतो. येतोच. सोलता सोलता म्हणाले, "आमच्या तिथल्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. तुझ्या आईला फार उकडायचं." एवढंच. मी "हं" म्हटलं. ते घर आता त्यांना कसं असेल? रंग दिलेलं, झाडलेलं. भोंगा झाल्यावर कढई चढवणारं कुणी नाही.

त्यांना जायचं नाहीये. आणि शब्द दिलाय, सगळ्या जगाला. दात बसले की निघायचं. मग करणार काय? दात बसूच द्यायचे नाहीत!

मला तरी कुठे त्यांनी जायला हवंय. लिहून टाकलं एकदाचं. ओल्या टॉवेलासकट हवेत. पण मी नुसतं म्हटलं की मला कळलंय, तर झालं. मग दात बसले हे उघड होईल, आणि बसले तर ते निघतील. माझ्या मिनतवाऱ्यांना जुमानणार नाहीत. न्हाव्याची खुर्ची मी विसरले नाहीये.

आज पाच तुकडे खाल्ले. "जरा टोचतंय." मी म्हटलं, "दाखवा बरं." बघितल्यासारखं केलं.

१९ एप्रिल, शनिवार

मावशींकडून माकली आणली, दादाला पुरेल अशी. मोठी मोठी दिली. "पाहुणे का?" "भाऊ येतोय, बाबांना न्यायला." "मग पाऊण तास शिजव हो. मऊ कर चांगली. म्हाताऱ्या माणसाला प्रवासाआधी पोटभर जाऊ दे."

मी पैसे मोजून दिले. बाबांनी पिशवी काढून पलंगावर ठेवलीय. रिकामी.

२० एप्रिल, रविवार

रस्सा उत्तम केला. माकली टाकली, घड्याळ पंधरा मिनिटांवर लावलं. बाबा स्टुलावर होते. घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, लसूण सोलत राहिले.

दादाला बत्तीस दात आहेत. त्यालाही चावेना! "हे काय आहे? टायर आहे?" बाबांनी एक चकती चघळली, चघळली, रुमालात काढली. "छे. दात अजून बसलेच नाहीत रे." दादा म्हणाला, "अहो, पण मलाही..." "तूही एकदा दाखवून घे दात," बाबा म्हणाले.

दादा चारला एकटाच गेला. बाबा पिशवी घडी करून कपाटात ठेवून आले. ताटं उचलताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वेळी तो येईल तेव्हाही एवढीच शिजव."